दोघे माधवराव पेशवे आणि कागदांचा कालनिर्णय

पेशव्यांच्या घराण्यांत माधवराव या नांवाचे दोन पुरुष प्रधानपदावर आले. पहिले, बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब यांचे चिरंजीव. दुसरे, नारायणरावांचे चिरंजीव, म्हणजे पहिल्यांचे पुतणे. दुसऱ्यांस इतिहासांत ‘सवाई’ म्हणतात. ग्रंथ वाचणारास हा भेद सांगावा लागत नाहीं. परंतु शिक्का पुसट झालेला व कोर फाटलेला एखादाच मोडी कागद ज्याच्या हातीं येतो, त्या संग्राहकास तो खरोखर अडवितो.

अहमदनगर (आतांच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांत ही अडचण विशेष संभवते. भगवतीदेवीचें स्थान म्हणून प्रसिद्ध असलेलें प्रवराकांठचें कोल्हार नगराहून कोपरगांवाकडे जाणाऱ्या मार्गावर आहे. कोपरगांवीं रघुनाथरावांचे अखेरचे दिवस गेले. जिल्ह्याच्या दक्षिण भागीं खर्डा; तेथें ११ मार्च १७९५ रोजीं सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत निजामअलीचा पराभव झाला. पहिल्या माधवरावांच्या कारकीर्दींत, १० ऑगस्ट १७६३ रोजीं, त्याच निजामअलीचा मोड गोदातीरीं राक्षसभुवन येथें झाला होता. शत्रु एक, प्रांत लगतचा, पेशव्यांचें नांव एक. याहून आणखी असें कीं, दोघांच्याही पत्नीचें नांव रमाबाई. पहिल्या रमाबाई इ. स. १७७२ त थेऊर येथें सती गेल्या. दुसऱ्यांचा विवाह १७८३ त झाला व त्या १७९३ त वारल्या.

निर्णयाचें पहिलें साधन पित्याचें नांव. शिक्क्यांत व सनदांच्या मायन्यांत पहिले ‘माधवराव बल्लाळ’ व दुसरे ‘माधवराव नारायण’ असतात. बल्लाळ हें बाळाजी या नांवाचेंच रूप होय. शिक्क्यांतील छत्रपतींच्या नांवावर मात्र सर्वस्वी विसंबूं नये. रामराजे इ. स. १७५० पासून १७७७ पर्यंत गादीवर होते, त्यामुळें त्यांचें नांव दोन्ही कारकीर्दींस लागू पडतें. महादजी शिंदे यांसही माधवराव म्हणत; आडनांव गळालें असतां तोही विचार मनांत ठेवावा.

दुसरें साधन शुहूर सन. हा सन मृगाबरोबर, म्हणजे त्या काळीं जूनच्या आरंभीं, बदले. जूननंतरच्या तारखेस शुहूर सनांत ५९९ व त्यापूर्वींच्या तारखेस ६०० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. पहिल्या माधवरावांस वस्त्रें मिळालीं तो जुलै १७६१ ‘इसन्ने सितैन मया व अलफ’, म्हणजे ११६२ यांत पडतो. त्यांचा अंत १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं, ‘सलास सबैन’, म्हणजे ११७३ यांत झाला. सवाई माधवरावांस २८ मे १७७४ रोजीं वस्त्रें मिळालीं, तेव्हां ‘अर्बा सबैन’ (११७४) होता. २७ ऑक्टोबर १७९५ रोजीं ते वारले, तेव्हां ‘सीत तिसैन’ (११९६) चालू होता.

खरा धोका येथेंच आहे. ‘सितैन’ म्हणजे साठ व ‘तिसैन’ म्हणजे नव्वद. अक्षरें तींच, केवळ पहिल्या दोहोंची अदलाबदल. घाईचें मोडी वळण व विरलेली शाई यांत ‘सि’ व ‘ति’ यांची जागा चुकली, कीं कागद बरोबर तीस वर्षें सरकतो. इसन्ने, सलास, अर्बा, खमस व सीत या पांच अंकांच्या बाबतींत तर तो एका माधवरावांच्या कारकीर्दींतून थेट दुसऱ्यांच्या कारकीर्दींत जाऊन बसतो, आणि कोठेंही विसंगति दिसत नाहीं.

समजा, कोल्हारच्या एखाद्या इनामाच्या कागदावर माधवरावांचें नांव असून सन ‘खमस सितैन’ कीं ‘खमस तिसैन’ हें लागत नाहीं. पहिला पाठ धरल्यास इ. स. १७६४-६५, दुसरा धरल्यास १७९४-९५. दोन्ही वेळीं पेशव्यांचें वय विशीच्या आसपास! परंतु पहिले त्या वयांत चुलत्याच्या हातून कारभार आपल्या हातीं घेत होते. दुसऱ्यांच्या वेळीं सर्व सूत्रें नाना फडणिसांकडे होतीं. तेव्हां हुकूम कोणाच्या विचारानें सुटला, आणि गांवच्या इनामाची परंपरा किती जुनी, हीं दोन्ही उत्तरें एका अक्षरावर अवलंबून राहतात.

अशा प्रसंगीं कागदांतील इतर व्यक्ति पाहाव्या. निजामअली (१७६२-१८०३) व नाना फडणीस दोन्ही काळीं हयात असल्यानें त्यांचा उपयोग नाहीं. उलट मल्हारराव होळकर १७६६ त, सखारामबापू १७८१ त, रघुनाथराव ११ डिसेंबर १७८३ रोजीं, गोपिकाबाई १७८८ त व रामशास्त्री १७८९ त वारले. यांपैकीं कोणी हयात असल्याचा उल्लेख आढळला तर ‘तिसैन’ हा पाठ सोडावाच लागेल.

व्यक्तींचा उल्लेख नसेल तर चंद्र व तिथि ताडून पाहावी. इ. स. १७६४ त मोहरम १ जुलैच्या सुमारास लागला, १७९४ त २९ जुलैच्या सुमारास. म्हणजे चंद्र तोच असतां हिंदु महिन्यांत सुमारें एका महिन्याचा फरक पडतो. कागदावर छ व मिति दोन्ही शाबूत असतील तर जंत्री ताबडतोब निकाल देते.

यांतलें कांहींच साधलें नाहीं, तर यादींत केवळ ‘माधवराव पेशवे’ असें लिहून दोन्ही पाठ शेजारीं नोंदवावे. मोकळा ठेवलेला प्रश्न पुढील अभ्यासकास सोडवितां येतो. निश्चयानें घातलेला चुकीचा सन मात्र छापला गेला म्हणजे पुरावा होऊन बसतो.