तिकिटाचा दर आणि रिकामी खुर्ची

श्रोतेहो, आपल्या नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगाव येथे खंडोबाची मोठी यात्रा भरते, हे आपणांस ठाऊक आहेच. येळवशीच्या सुमारास भरणाऱ्या या यात्रेत घोड्यांचा बाजार असतो, लोककलेचे फड असतात आणि कुस्त्यांची दंगलही असते. हलगी वाजू लागली की माणसे मैदानाभोवती कडे करून बसतात. गावोगावच्या जत्रांतील मैदानांचा रिवाज असा की, कोणी तिकीट विचारीत नाही आणि कोणी विकीतही नाही. तरीसुद्धा नारळाच्या कुस्तीपासून मानाच्या कुस्तीपर्यंत साऱ्या जोडी लागतात, आणि जिंकलेल्या मल्लास इनाम मिळते. हा पैसा येतो कोठून? तो येतो गावाच्या वर्गणीतून, व्यापाऱ्यांच्या देणग्यांतून आणि फडात उठून कोणी जाहीर केलेल्या बक्षिसातून. तात्पर्य, खेळ फुकट नसतो. त्याचा खर्च कोणी तरी आधीच सोसलेला असतो.

आजचा माझा विषय हाच आहे. देशोदेशीचे संघ जेथे एकत्र येतात, अशा मोठ्या स्पर्धेचा खर्च कोण करतो, तिकिटाचा दर कसा ठरतो, आणि प्रेक्षक न आले तर काय होते, याचा थोडा हिशोब आज मांडावयाचा आहे. मी पडलो जुना शाळामास्तर, तेव्हा फळ्यावर मांडावे तसे एक उदाहरण प्रथम घेतो.

समजा, एका मैदानावर पाच हजार माणसे बसू शकतात आणि सामन्याचा एकूण खर्च चार लक्ष रुपये आहे. चालकांनी तिकीट दोनशे रुपये ठेविले आणि दीड हजार माणसे आली. जमा झाले तीन लक्ष, म्हणजे एक लक्षाची तूट. तिकीट ऐंशी रुपये ठेविले आणि मैदान भरले, तर चार लक्ष जमा होऊन तोंडमिळवणी झाली. परंतु त्याच पाच हजारांपैकी एक हजार जागा मानकऱ्यांना आणि त्यांच्या इष्टमित्रांना फुकट पास म्हणून दिल्या, तर ऐंशी रुपयांनी तीन लक्ष वीस हजारच येतात. ही तूट भरावयाची तर तिकीट शंभर रुपये करावे लागते. म्हणजे पैसे देऊन आत येणारा प्रत्येक माणूस वीस रुपये अधिक देतो, ते पासवाल्यांच्या खुर्चीसाठी! हे साधे गणित ध्यानात ठेवा. पुढील सर्व हकीकत त्याभोवतीच फिरते.

आपल्या महाराष्ट्रात तिकिटांवरून जे तंटे झाले, त्यांनी क्रिकेटचा इतिहासच बदलला आहे. मुंबईस हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपीय अशा संघांचे सामने होत असत. १९३७ साली पाचव्या संघाची भर पडून ते पंचरंगी झाले आणि क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या नव्या ब्रेबोर्न मैदानावर खेळले जाऊ लागले. परंतु त्या पहिल्याच वर्षी जागांच्या वाटणीवरून वाद झाला आणि हिंदूंच्या संघाने स्पर्धेतून अंग काढून घेतले. हजारो माणसे ज्या संघासाठी येत, तोच संघ खुर्च्यांच्या भांडणापायी मैदानाबाहेर राहिला.

ब्रेबोर्नवरील तिकिटांचा प्रश्न तेथेच मिटला नाही. मैदान क्लबाचे आणि मुंबईच्या क्रिकेटचा कारभार मुंबई क्रिकेट असोसिएशनचा. तेव्हा कोणाच्या वाट्यास किती तिकिटे, हा तंटा पुढेही चालू राहिला. अखेर असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी स्वतःचेच मैदान बांधण्याचा निर्धार केला. ब्रेबोर्नपासून हाकेच्या अंतरावर, चर्चगेटनजीक, ते उभे राहिले, आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे वेस्ट इंडीजशी पहिला कसोटी सामना झाला. आज ज्या मैदानास आपण वानखेडे स्टेडियम म्हणतो, त्याच्या पायात सिमेंटइतकाच तिकिटांचा वादही घातलेला आहे.

तिसरी हकीकत १९८३ सालची आहे. त्या वर्षी इंग्लंडात भारताने विश्वचषक जिंकला. नागपूरचे एन. के. पी. साळवे तेव्हा भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. लॉर्ड्सवरील अंतिम सामन्याची आणखी तिकिटे त्यांनी मागितली असता ती नाकारण्यात आली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. तेव्हापासून पुढील विश्वचषक आपल्याकडे आणण्याची खटपट सुरू झाली. परंतु स्पर्धा आणावयाची म्हणजे द्रव्य हवे! मंडळाची स्थिती अशी की, जिंकून आलेल्या खेळाडूंना योग्य पारितोषिक देण्याइतकाही पैसा त्याजपाशी नव्हता. लताबाई मंगेशकर यांनी दिल्लीस गायनाचा कार्यक्रम केला, आणि त्या उत्पन्नातून प्रत्येक खेळाडूस एक लक्ष रुपये देता आले. तरीही भारत आणि पाकिस्तान यांनी मिळून १९८७ ची स्पर्धा आपल्याकडे आणली. इतर देशांना इंग्लंडपेक्षा अधिक रक्कम देण्याची तयारी दाखविण्यात आली, आणि रिलायन्स कंपनीने आपले नाव देऊन खर्चाचा भार उचलला. ५ नोव्हेंबर १९८७ रोजी वानखेडे मैदानावरच उपांत्य सामन्यात इंग्लंडने आपला पराभव केला. आमच्या गावी पारावर रेडिओभोवती जमलेली मंडळी त्या दिवशी जेवल्याविना उठली, हे मला अजून आठवते. त्या मंडळींनी तिकीट काढले नव्हते. परंतु प्रेक्षक तेही होतेच.

या बिनतिकिटाच्या प्रेक्षकाचीच पुढे मोठी किंमत झाली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, आकाशलहरी ही सार्वजनिक संपत्ती असून तिच्यावर सरकारची मक्तेदारी नाही. सामने दाखविण्याचे हक्क विकण्याची वाट त्यामुळे अधिक मोकळी झाली. त्याचे फळ केवढे झाले, हे एका आकड्यावरून कळेल. जून २०२२ मध्ये इंडियन प्रीमियर लीगचे पाच वर्षांचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटी रुपयांस गेले. ज्या मंडळास १९८३ साली गायनाच्या कार्यक्रमाचा आधार घ्यावा लागला, त्याच मंडळाची ही गोष्ट आहे. त्या रकमेपुढे दारावरच्या तिकिटांचे उत्पन्न म्हणजे समुद्रापुढे घागर.

येथे एक धोका उत्पन्न होतो. खुर्ची रिकामी राहिली तरी तिजोरी रिकामी राहत नाही, म्हणून खुर्चीची काळजी कोणी घेत नाही. २०२३ सालचा पुरुषांचा विश्वचषक आपल्याच देशात झाला. त्याचा कार्यक्रम जून अखेरीस जाहीर झाला आणि तिकिटे ऑगस्टच्या अखेरीस विक्रीस निघाली. ५ ऑक्टोबर रोजी अहमदाबादेच्या अतिविशाल मैदानावर इंग्लंड व न्यूझीलंड यांचा पहिला सामना झाला, तेव्हा रांगांमागून रांगा मोकळ्या दिसत होत्या. संपूर्ण स्पर्धेस साडेबारा लक्ष माणसे आली, हा उच्चांक खरा. पण परगावच्या माणसाला रजा, गाडी आणि मुक्काम यांची जुळवाजुळव करण्यास वेळ लागतो, हा धडाही त्या पहिल्या दिवसाने दिला. याउलट २०२५ सालच्या महिलांच्या विश्वचषकात प्राथमिक सामन्यांची तिकिटे शंभर रुपयांपासून ठेविली होती. शंभर रुपयांत बाप आपल्या मुलीला मैदानावर नेऊ शकतो. २ नोव्हेंबर रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेस हरवून चषक जिंकला, तेव्हा प्रेक्षागार गच्च भरले होते. स्वस्त तिकिटाने जो प्रेक्षक जोडला जातो, तो केवळ त्या दिवसापुरता नसतो.

आपण म्हणाल, क्रिकेटचे ठीक आहे, त्याच्यामागे लक्ष्मी उभी आहे. ज्या खेळांमागे ती नाही, त्यांचे काय? यासाठी परदेशातील एक उदाहरण घेऊ. इंग्लंडात रग्बी लीग नावाचा खेळ आहे. लांबट चेंडू हाती घेऊन धावावयाचे आणि प्रतिपक्षाने धरून पाडावयाचे, असा हा तेरा गड्यांचा रांगडा खेळ. त्याचा जन्मच मुळी पैशाच्या प्रश्नातून झाला. उत्तरेकडील खाणी आणि गिरण्यांतील कामगार सामन्यासाठी कामावर गेले नाहीत तर त्यांची मजुरी बुडे. ती भरून द्यावी की नाही, यावरून रग्बी खेळणाऱ्यांत फूट पडली, आणि १८९५ साली उत्तरेच्या क्लबांनी आपला निराळा संसार मांडला. या खेळाचा पहिला विश्वचषक १९५४ साली फ्रान्समध्ये झाला.

२००० साली याच स्पर्धेचा मोठा थाट करण्यात आला. सोळा संघ बोलाविले, सामने अनेक देशांत पसरले, आणि इंग्लंड व ऑस्ट्रेलिया यांचा पहिला सामना लंडनच्या प्रचंड ट्विकनहॅम मैदानावर ठेविला. आता पाहा, ज्या खेळाचे घर उत्तरेकडे, त्याची पंगत मांडली दक्षिणेस! त्यात आगगाड्यांचे वेळापत्रक अपघातानंतरच्या दुरुस्त्यांमुळे विस्कळीत झालेले आणि हवा पावसाळी. त्या दिवशी ३३,७५८ प्रेक्षक आले; मैदानाचा निम्मा भागही भरला नाही. स्पर्धा तोट्यात गेली. पुढे २०१३ साली चालकांनी हा धडा गिरविला. रॉचडेल, वर्किंग्टन यांसारख्या लहान गावांतील लहान मैदानांवरही सामने नेले. तेथील लोकांना पाहुणा देशाचा संघ आपल्याच घरी आल्यासारखे वाटले. मँचेस्टर येथील अंतिम सामन्यास ७४,४६८ प्रेक्षक लोटले आणि स्पर्धा नफ्यात आली. खेळ तोच होता. फक्त पान कोठे मांडावे, हे या वेळी चालकांना कळले होते.

याच खेळाचा २०२५ चा विश्वचषक फ्रान्समध्ये व्हावयाचा होता. परंतु तोटा आल्यास तो कोण सोसणार, या प्रश्नाचे उत्तर सापडेना. सरकारची हमी मिळाली नाही, आणि मे २०२३ मध्ये फ्रान्सने यजमानपद सोडून दिले. पुढे ती स्पर्धा २०२६ सालावर जाऊन ऑस्ट्रेलियाकडे सोपविण्यात आली. यजमानपण मागण्यापूर्वीच तुटीचा धनी कोण, हे ठरलेले असावे. नाही तर मांडव घालण्याआधीच तो उतरविण्याची पाळी येते.

श्रोतेहो, हे सर्व दूरदेशीचे वाटेल. म्हणून घरची एक गोष्ट सांगून थांबतो. मी नोकरीत असताना एका तालुक्याच्या गावी कबड्डीचे सामने भरले होते आणि पावतीपुस्तक माझ्याकडे होते. पत्र्याचे कुंपण घातले, तिकिटे छापली, आणि पाससुद्धा छापले. पास किती वाटले, याची नोंद कोणी ठेविली नाही. मीही आग्रह धरला नाही, हा दोष माझा. पुढच्या खुर्च्या पासवाल्यांनी भरल्या, तिकीटवाले मागे उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. शेवटच्या रात्री बाहेरगावच्या दोन संघांना परतीचे भाडे देण्यास पेटीत पैसे उरले नव्हते. त्यांतील एक पोरगा मला म्हणाला, "गुरुजी, आम्ही जिंकलो, पण जायचं कसं?" आम्ही दोघा-तिघांनी खिशातून पैसे काढून त्यांना गाडीत बसविले. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर मला अजून नीट देता आलेले नाही.

नांदेडास गुरू गोविंदसिंहजींच्या नावाचे मोठे स्टेडियम आहे. लातुरास १९६९ साली महाराष्ट्र केसरीची कुस्ती झाली, आणि लातूर जिल्ह्याचेच हरिश्चंद्र बिराजदार तीत विजयी झाले. आपल्या भागात खेळाची हौस नाही, असे कोण म्हणेल? उद्या येथे मोठ्या स्पर्धा येतील. त्या वेळी चालकांनी चार गोष्टी सांभाळाव्या. मैदान गर्दीच्या अंदाजाने निवडावे, गर्वाने नव्हे. तारीख आणि दर पुष्कळ आधी जाहीर करावे. शाळेतील मुलांना परवडेल असे काही तिकीट अवश्य ठेवावे. आणि सामने संपल्यावर जमाखर्च, पासांच्या संख्येसह, वेशीवर लावावा.

आपणां प्रेक्षकांसही एकच विनंती आहे. पुढच्या वेळी कोणी पास देऊ केला, तर तो नम्रपणे परत करा आणि तिकीट काढा. त्या तिकिटातच कोणा एका पोराचे घरी परतण्याचे भाडे असते.