विश्लेषण : विजयदुर्गसारख्या गावात पाळीव कुत्र्यासाठी प्रथमोपचार पेटी का हवी? त्यात काय ठेवावे?

मुंबई-पुण्यात कुत्र्याला काही झाले की रिक्षाच्या अंतरावर दवाखाना सापडतो. देवगड तालुक्यातील विजयदुर्गहून मुंबई-गोवा महामार्गावरील तळेरे गाठायचे तरी पन्नासेक किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता आहे. रात्री, त्यातही पावसाळ्यात, डॉक्टरांपर्यंत पोहोचेपर्यंतचा वेळ घरच्यांनाच सांभाळावा लागतो. त्यासाठीच ही पेटी.

पेटी नेमकी कशासाठी?

पेटीने कुत्रा बरा होत नाही. रक्त थांबवणे, जखम स्वच्छ ठेवणे आणि जनावराला सुरक्षितपणे वाहनापर्यंत नेणे, एवढेच तिचे काम. त्यामुळे पेटीत औषधांपेक्षा साधने जास्त असतात.

किनाऱ्यावर धोके कोणते?

सर्वात मोठा धोका सर्पदंशाचा. फुरसे हा साप जांभ्याच्या सड्यावर आणि दगडी गडग्यांत सहज आढळतो. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्याचा भाग होता आणि त्या जिल्ह्यात ब्रिटिश काळात फुरशी मारण्यासाठी सरकारी बक्षीस दिले जाई, इतकी त्यांची संख्या होती. कुत्रा हुंगत पुढे जातो, म्हणून दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते.

दुसरा धोका बंदरावरचा. आमिष लावलेला गळ कुत्रा गिळू शकतो. जाळ्यातून फेकलेला किंवा वाळूत पडलेला केंड मासा विषारी असतो. हापूसच्या बागांतील कीटकनाशके, उंदरांचे औषध, गोचीड आणि एप्रिल-मेचा दमट उकाडा हेही आहेच.

पेटीत काय ठेवावे?

- निर्जंतुक गॉज, कापूस, रोलर आणि क्रेप बँडेज. चिकटपट्टी थेट केसांवर लावू नये, ती बँडेजवर लावावी.
- जखम धुण्यासाठी नॉर्मल सलाइनची बाटली.
- पोव्हिडोन आयोडीन. हे पाण्यात मिसळून कोऱ्या पातळ चहाच्या रंगाचे करून वापरावे.
- बोथट टोकाची कात्री, बारीक चिमटा, हातमोजे.
- डिजिटल थर्मामीटर. कुत्र्याचे तापमान गुदद्वारातून मोजतात आणि ते साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते. म्हणजे माणसाचा ताप हा कुत्र्याचा नॉर्मल. १०४ च्या वर गेल्यास लगेच डॉक्टरांना कळवावे.
- तोंड बांधण्यासाठी मुसकी किंवा रुंद पट्टी. वेदनेत घरचा कुत्राही चावतो. मात्र उलटी होत असेल किंवा श्वास लागला असेल तर तोंड बांधू नये.
- स्ट्रेचर म्हणून जाड चादर, शिवाय टॉवेल आणि टॉर्च.
- लसीकरणाची वही आणि एक कार्ड. कार्डवर कुत्र्याचे वजन, चालू औषधे, डॉक्टरांचे नंबर आणि रात्री येऊ शकणाऱ्या गाडीवाल्याचा नंबर लिहावा. औषधाचा डोस वजनावर ठरतो, त्यामुळे वजन दर काही महिन्यांनी तपासावे.

काय ठेवू नये?

पॅरासिटामॉल, आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक या घरातल्या गोळ्या कुत्र्याला देऊ नयेत. पॅरासिटामॉलमुळे यकृत आणि लाल रक्तपेशींना इजा होते. इतर दोन गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. गोचिडांवर रॉकेल चोळणेही टाळावे. गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी आणि काढताना हातमोजे घालावेत. विषबाधेत मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. काय खाल्ले त्याचे पाकीट किंवा फोटो घेऊन डॉक्टरांना फोन करावा.

साप चावल्यास काय करावे?

कुत्र्याला चालू देऊ नये, उचलून न्यावे. सूज चढते म्हणून गळ्यातला पट्टा काढावा. दोरी आवळून बांधणे, जखम कापणे, विष चोखणे, बर्फ लावणे यांपैकी काहीही करू नये. साप पकडण्याच्या किंवा मारण्याच्या मागे लागू नये. दुरून फोटो मिळाला तर पुरे.

यावर उपाय प्रतिविष हाच. भारतातील बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. पण ते शिरेतून द्यावे लागते आणि त्याची तीव्र अ‍ॅलर्जी येऊ शकते, म्हणून ते घरच्या पेटीत ठेवायचे औषध नाही. निघण्याआधी फोनवर एकच प्रश्न विचारावा : ‘तुमच्याकडे प्रतिविष आहे का?’ नसेल तर कुठे आहे हे विचारून थेट तिकडे जावे. चुकीच्या दवाखान्याची एक फेरीच जिवावर बेतू शकते.

इतर प्रसंगी?

रक्त येत असल्यास गॉज दाबून पाच ते दहा मिनिटे धरावे, मधे उचलून पाहू नये. गळ गिळला असेल आणि तोंडातून दोरा लोंबत असेल तर तो ओढू नये, तोंडाजवळ कापूही नये. तो डॉक्टरांना उपयोगी पडतो. उष्माघातात सावलीत नेऊन साध्या पाण्याने अंग भिजवावे आणि पंखा लावावा. भटक्या किंवा रानटी जनावराने चावा घेतल्यास हातमोजे घालून जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि रेबीज लसीबाबत डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे. या गडबडीत घरातल्या कुणाला दात लागला तर त्यानेही तेवढाच वेळ जखम धुऊन आरोग्य केंद्र गाठावे.

पेटी कुठे ठेवावी?

खाऱ्या हवेत कात्री गंजते, पावसात बँडेज दमट होते. त्यामुळे घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा आणि तो उन्हापासून दूर, दाराजवळ ठेवावा. मे महिन्याच्या अखेरीस एकदा आणि गणपतीनंतर एकदा तो उघडून मुदत संपलेल्या वस्तू बदलाव्यात. पशुसंवर्धन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे. तो डब्याच्या झाकणावर आतून चिकटवावा आणि जवळच्या पशुवैद्यकांपैकी रात्री फोन कोण घेते, हे आजच विचारून त्याखाली लिहून ठेवावे.