जंगलाचा माळा

कोस्टा रिकाची राजधानी सान होसे. तिथून पहाटे निघालेली पर्यटकांची व्हॅन ब्राउलिओ कारिल्यो राष्ट्रीय उद्यानातला घाट उतरून सारापिकीच्या सखल भागात येते. रस्त्याच्या कडेला अननसाचे मळे, मग नदी आणि नदीच्या काठाने वर्षावन. दिवसाचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी झिपलाइन, दुपारी भात आणि काळ्या घेवड्याची उसळ, नंतर नदीत राफ्टिंग आणि उन्हं कलताना गाइडबरोबर जंगलातून पायी फेरी. राफ्टिंगचं कोलाडला जाऊन आलेल्यांना फारसं अप्रूप वाटणार नाही. इथली खरी गोष्ट तारेची आहे.

कमरेला आणि मांड्यांना पट्टे आवळले जातात, डोक्यावर हेल्मेट चढतं. गाइड प्रत्येक आकडा स्वतः ओढून बघतो आणि पर्यटकाला दोन झाडांमध्ये ताणलेल्या पोलादी तारेवरच्या कप्पीला अडकवतो. शंभर मीटरला पाच-सहा मीटर एवढाच काय तो उतार. तरी वेग दांडगा येतो. घर्षण आणि हवा मध्ये आलीच नाही, तर सहा मीटर खाली येईपर्यंत ताशी ३९ किलोमीटरचा वेग मिळतो, शाळेतल्या गणिताने कुणालाही काढता येईल असा. त्या गणितात वजन कुठेच येत नाही. प्रत्यक्षात मात्र जाडजूड काका सुसाट पलीकडे पोहोचतात आणि त्यांची सडपातळ पुतणी अलीकडेच थांबून लोंबकळत राहते. हवेचा अडथळा दोघांना थोडाफार सारखाच. पण काकांचा भार जास्त असल्याने त्यांचा वेग त्या अडथळ्याने कमी घटतो. त्यातून वजनाने तार मध्ये झोळ खाते, म्हणजे शेवटचा टप्पा चढाचाच होतो. मग गाइड तारेला लटकत हाताहाताने सरकत जातो आणि पुतणीला ओढून आणतो.

ही वर जाण्याची खटपट मुळात मौजेसाठी नव्हती. सारापिकीतच ला सेल्वा हे जैविक संशोधन केंद्र आहे. इथे वर्षाला सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या आंबोलीत याहून जास्त कोसळतो, पण तो चार महिन्यांत उरकतो; इथे सुकं म्हणावं असा महिनाच नाही. दाट झाडीमुळे जमिनीपर्यंत जेमतेम एक-दोन टक्के ऊन पोहोचतं. पानं, फुलं, फळं आणि त्यांच्यावर जगणारे जीव सगळे वरच्या माळ्यावर, आणि अभ्यासक खाली मान वर करून उभे. १९७०च्या दशकात डोनाल्ड पेरी या तरुण संशोधकाने इथल्या उंच फांद्यांवरून बाणाने दोर टाकले आणि गिर्यारोहकांसारखा तो त्यांवरून वर चढू लागला. पुढे पर्यटकांना जंगलाच्या छतातून फिरवणारा पाळणाही त्यानेच उभारला, १९९४मध्ये.

वर काय दडलंय याचा अंदाज १९८२मध्ये टेरी अर्विन यांनी बांधला. पनामातल्या एकाच जातीच्या १९ झाडांवर त्यांनी कीटकनाशकाचा धूर सोडला. खाली पडलेल्या भुंगेऱ्यांच्या जाती निघाल्या सुमारे १,२००. त्यावरून त्यांनी उष्ण प्रदेशातल्या कीटकांच्या आणि त्यांच्या भाईबंदांच्या जाती तीन कोटी असतील असं गणित मांडलं. नंतरच्या अभ्यासांनी तो आकडा बराच खाली आणला. तरी अभ्यासकांच्या माना एकदा वर वळल्या त्या वळल्याच.

नलिनी नाडकर्णी यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. आडनाव आपल्या ओळखीचं; वडील भारतीय, जन्म अमेरिकेतला. कोस्टा रिकातल्याच माँतेव्हेर्देच्या मेघवनात त्यांनी कित्येक वर्षं दोराला लटकून काम केलं. फांद्यांवर शेवाळ, आमरी आणि कुजलेली पानं साचून चक्क माती तयार होते. १९८१मध्ये त्यांनी दाखवून दिलं की काही झाडं आपल्याच फांद्यांमधून मुळं फोडून या मातीतलं अन्न शोषतात. वर येऊन बसलेल्या पाहुण्यांच्या ताटातलंच झाड जेवतं म्हणा ना.

झिपलाइनवर सुटलेल्या माणसाला यातलं काही दिसत नाही. कप्पीचा घरघराट, डोळ्यांत वारा आणि हिरवा फराटा. म्हणून माझं मत असं, की पैसे वसूल होतात ते दोन तारांच्या मधल्या मचाणावर, आपली पाळी येईपर्यंत. मचाणाच्या झाडाकडेही नीट पाहावं. चांगल्या ठिकाणी तार थेट खोडाला गुंडाळत नाहीत, मध्ये लाकडी ठोकळे बसवतात. साल चहूबाजूंनी आवळली गेली, तर पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही आणि झाड हळूहळू मरतं.

आसपास आल्मेंद्रोचं झाड असेल तर गाइड ते हमखास दाखवतो. त्याचं लाकूड इतकं टणक, की जुन्या करवती त्याच्यापुढे हात टेकायच्या. आसपासचं रान साफ झालं तरी आल्मेंद्रो उभा राहायचा. नव्या करवती आल्या आणि तोही पडू लागला. मोठा हिरवा मकाव पोपट बहुतेक याच्याच ढोलीत घरटं करतो आणि याच्याच बिया खातो. २००८मध्ये तिथल्या न्यायालयाने आल्मेंद्रो तोडायला बंदी घातली.

संध्याकाळच्या पायी फेरीत बूट चिखलात रुततात आणि सगळे दमलेले असतात. अशा वेळी गाइड खाली वाकून पालापाचोळ्याकडे बोट दाखवतो. जेमतेम दोन सेंटिमीटरचा बेडूक, अंग लालभडक, पाय निळे. लोक त्याला 'ब्लू जीन्स' म्हणतात. त्याच्या कातडीत विष असतं आणि ते त्याला खाण्यातल्या बारीक माइट आणि मुंग्यांमधून मिळतं. मादी असेल तर कधी पाठीवर काळा ठिपका दिसतो. ते तिचं पिल्लू, आईला चिकटलेलं. अननसाच्याच कुळातल्या ब्रोमेलियाड वनस्पती झाडांवर वाढतात आणि त्यांच्या पानांच्या बेचक्यांत पाणी साठतं. आई एकेका पिल्लाला एकेका बेचक्यात नेऊन सोडते. त्या चमचाभर पाण्यात खायला काही नसतं, म्हणून पुढचे काही आठवडे ती परत परत येऊन पिल्लासाठी आपली अफलित अंडी घालते.

गाइडने विजेरीचा झोत बाजूला वळवला, की ती खोडावर चढायला लागते.