पडद्यावरचा सामना आणि सरावाचे शास्त्र

३० ऑगस्ट २०२०, रविवार. भारत आणि रशिया यांच्यात बुद्धिबळाच्या एका जागतिक सांघिक स्पर्धेचा अंतिम सामना रंगात आला होता. पण तेथे सभागृह नव्हते, टाळ्या वाजवणारे प्रेक्षक नव्हते, लाकडी पट नव्हता आणि मोहरीही नव्हती! करोनाच्या साथीमुळे नेहमीचे ऑलिंपियाड भरवणे अशक्य झाले होते. म्हणून दीडशेहून अधिक देशांचे संघ इंटरनेटवर खेळत होते. भारताचे खेळाडू आपापल्या ठिकाणी संगणकाच्या पडद्यापुढे बसले होते आणि त्यांचा कर्णधार होता आपल्या नाशिकचा विदित गुजराथी.

पहिली लढत ३-३ अशी बरोबरीत सुटली. दुसरी लढत चालू असताना जगभर इंटरनेटमध्ये मोठा बिघाड झाला. सोळा वर्षांचा निहाल सरीन आणि नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटला. दिव्याचे पारडे तर चांगलेच जड होते. पण घड्याळ काही थांबले नाही. दोघांचीही वेळ संपली आणि दोन्ही डाव हरल्याची नोंद झाली. भारताने तक्रार केली. तिचा विचार होऊन जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी भारत आणि रशिया या दोघांनाही सुवर्णपदक जाहीर केले.

तुम्ही म्हणाल, “आम्ही पडद्यावर खेळतो ते खेळ निराळे. त्यांत धावपळ असते, पाच-पाच जणांचे संघ असतात.” अगदी बरोबर! ‘डोटा’ आणि ‘लीग ऑफ लेजेन्ड्स’ हे खेळ पाच विरुद्ध पाच असेच खेळले जातात. २०२३ साली चीनमधील हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत अशा खेळांना पदकेही होती. परंतु पडद्यावर, दूरदूर बसून, संघाने आणि घड्याळाविरुद्ध खेळायचा कोणताही खेळ घ्या. त्यात सुधारणा कशी होते, याचे उत्तर बव्हंशी सारखेच आहे. तासन्‌तास खेळूनही काही मुले आहेत तेथेच राहतात आणि काही थोड्या वेळात पुढे जातात. असे का बरे होते? पाहू या.

उशीर कोठे होतो?

तुम्ही कळ दाबता आणि पडद्यावर काहीतरी घडते. या दोन्हींच्या मध्ये वेळ जातो, तो तीन ठिकाणी.

पहिले ठिकाण म्हणजे वाट. प्रकाशतंतूच्या काचेतून संदेश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो. समजा, खेळ चालवणारा संगणक सिंगापूरला आहे. नाशिकपासून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ४,००० किलोमीटर. जाऊन येऊन झाले ८,००० किलोमीटर. म्हणजे ०.०४ सेकंद तर निव्वळ प्रवासातच गेले. प्रत्यक्षात समुद्रातल्या तारा वळणे घेत जातात, वाटेत संदेशाला अनेक ठाणी लागतात. त्यामुळे याहून जास्त वेळ लागतो. तोच संगणक मुंबईत असेल तर प्रवासाचा वेळ फार तर दोन सहस्रांश सेकंद! म्हणून खेळात जवळचे केंद्र निवडण्याची सोय असेल तर ती जरूर वापरा. घरात बिनतारी जोडणीऐवजी तार लावली तर संदेश अधिक स्थिर येतात.

दुसरे ठिकाण म्हणजे पडदा. साधारण पडदा सेकंदात ६० चित्रे दाखवतो. म्हणजे एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत सुमारे ०.०१७ सेकंद जातो.

तिसरे ठिकाण म्हणजे तुम्ही स्वतः! डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश पडतो, मज्जातंतूंतून संदेश मेंदूकडे जातो, मेंदू निर्णय घेतो, मज्जारज्जूतून हुकूम खाली येतो आणि बोटाचे स्नायू हलतात. याला लागणारा वेळ म्हणजे प्रतिक्रियाकाल. दिवा लागताच कळ दाबायची, एवढ्या साध्या कामालाही माणसाला ०.२ ते ०.२५ सेकंद लागतो. म्हणजे तिन्हींत सर्वांत मोठा उशीर आपलाच असतो.

तुमचा प्रतिक्रियाकाल घरीच मोजता येईल. मित्राला ३० सेंटिमीटरची फूटपट्टी उभी धरायला सांगा. शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवा. पट्टीला बोट लावू नका. मित्र न सांगता पट्टी सोडील, ती चिमटीत पकडा. पट्टी किती सेंटिमीटर घसरली ते पाहा. मुक्त पतनाच्या नियमावरून वेळ काढता येते : १० सेंटिमीटरला ०.१४ सेकंद, १५ ला ०.१७, २० ला ०.२० आणि २५ ला ०.२३ सेकंद. दहा वेळा करून सरासरी घ्या. मग हाच प्रयोग रात्री जागरण झालेल्या सकाळी करा आणि आकडे ताडून पाहा.

सरावाने हा काळ थोडा कमी होतो, पण फार नाही. मग चांगला खेळाडू इतका चपळ कसा दिसतो? त्याला पुढे काय होणार हे आधीच कळलेले असते! दिवा लागण्याची तो वाट पाहत नाही. दिवा केव्हा लागेल याचा त्याला अंदाज असतो. हा अंदाज कोठून येतो?

तुकडे आणि गठ्ठे

हे बारा आकडे एकदाच वाचा आणि डोळे मिटून म्हणा : १८५७१९४७१९६०. जमले नाही ना? आता असे वाचा : १८५७, १९४७, १९६०. पहिले स्वातंत्र्ययुद्ध, स्वातंत्र्य, महाराष्ट्र राज्याची स्थापना. आता विसरू म्हटले तरी विसरणार नाही. आकडे तेच, पण बारा सुट्या तुकड्यांचे तीन गठ्ठे झाले. तात्पुरत्या स्मृतीत आपल्याला एका वेळी पाच-सातच गोष्टी धरता येतात. मात्र गोष्ट म्हणजे एक तुकडाही असू शकतो आणि एक भला मोठा गठ्ठाही.

बुद्धिबळपटूंवर याचे सुंदर प्रयोग झाले आहेत. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोट याने त्यांची सुरुवात केली. १९७३ साली अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी ते पुढे नेले. खऱ्या डावातील स्थिती खेळाडूंना फक्त पाच सेकंद दाखवायची आणि मग आठवणीने मोहरी मांडायला सांगायचे. निष्णात खेळाडूने बहुतेक मोहरी बरोबर मांडली. नवशिक्याला चार-पाचच जमली. मग त्यांनी मोहरी पटावर वाटेल तशी विखरून ठेवली. आता काय झाले असेल? निष्णात खेळाडूची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली! म्हणजे त्याची स्मरणशक्ती जात्याच दांडगी होती असे नाही. हजारो डाव पाहून त्याच्या मनात नेहमीच्या मांडण्यांचे गठ्ठे तयार झाले होते. हेच सायमन पुढे १९७८ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

तुमच्या खेळातही असेच आहे. नकाशावर प्रतिपक्षाचे तीन गडी दिसतात आणि दोन दिसत नाहीत. नवशिक्याला तीन ठिपके दिसतात. जाणत्याला एकच गठ्ठा दिसतो : “डावीकडून चढाई येणार.” त्याचे बोट आधीच कळेवर गेलेले असते.

नुसते खेळणे म्हणजे सराव नव्हे

गठ्ठे कसे तयार होतात? ‘खूप खेळून’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. आपण रोज मराठी लिहितो, म्हणून प्रत्येकाचे अक्षर दरवर्षी सुधारते काय? एकदा काम भागू लागले की हात त्याच वळणाने चालत राहतो. १९९३ साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधील व्हायोलिन वादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तम वादक केवळ जास्त वाजवत नव्हते. जो भाग जमत नाही तोच वेगळा काढून, चुका तपासत, एकट्याने घोटत होते. अर्थात सराव म्हणजे सर्वस्व नव्हे. २०१४ साली अशा अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र तपासले गेले. खेळाडूखेळाडूंतील फरकाचा, बुद्धिबळासारख्या खेळांत, सुमारे एक चतुर्थांश भागच सरावाने उलगडतो असे दिसले. उरलेल्यात वय, आवड, शिकवणारा अशा कितीतरी गोष्टी आल्या. पण सराव कसा करायचा हे आपल्या हाती आहे, बाकीचे बरेचसे नाही.

म्हणून असे करून पाहा. एका आठवड्याला एकच गोष्ट घ्या. उदाहरणार्थ, ‘दर दहा सेकंदांनी कोपऱ्यातील नकाशा पाहीन.’ बुद्धिबळपटू प्रत्येक डाव लिहून ठेवतो आणि नंतर तपासतो. तुमच्या खेळात सामन्याचे चित्रण जपून ठेवण्याची सोय असेल तर हरलेला एक सामना पुन्हा पाहा. ज्या क्षणी तुमचा गडी बाद झाला त्याच्या वीस सेकंद आधी थांबा आणि विचारा, “या वेळी मला काय दिसत होते? मी काय पाहायला हवे होते?” चूक बहुधा बाद होण्याच्या क्षणी झालेली नसते, ती आधीच झालेली असते.

संघ म्हणजे पाच माणसे नव्हेत

कबड्डीतील साखळी आठवा. चढाई करणारा आत येतो तेव्हा साखळीतील दोघांपैकी एकाने घाई केली की दुसराही फसतो. प्रत्येकजण पटाईत असून भागत नाही. एकाला काय दिसले ते दुसऱ्याला वेळेवर कळावे लागते. पडद्यावरच्या खेळात तर सोबती दिसतही नाही. कानावर येणारे शब्द हाच दुवा.

एकाचे बोलणे चालू असताना दुसऱ्याचे ऐकू येत नाही, म्हणून शब्द मोजके हवेत. ‘अरे अरे, आले, पळा!’ यातून काय कळले? काहीच नाही. कोठे, किती आणि आता काय, एवढ्या तीनच गोष्टी सांगा : “पूल, तीन, मागे या.” शब्द आधी ठरवून घ्या. ज्याला तुम्ही ‘पूल’ म्हणता त्याला दुसऱ्याने ‘घाट’ म्हणता कामा नये. सामना चालू असताना दोष देऊ नका. चुकलेला गडी आधीच अस्वस्थ असतो, त्याचे लक्ष आणखी उडते. हिशेब सामन्यानंतर.

आणि कर्णधाराचे काम? २०२० च्या त्या स्पर्धेत प्रत्येक लढतीत सहा पट असत : दोन पुरुष, दोन महिला, एक वीस वर्षांखालील मुलगा आणि एक मुलगी. संघात राखीव धरून बारा जण. विश्वनाथन आनंद, कोनेरू हंपी यांच्यासारखे अनुभवी आणि शाळकरी दिव्या एकाच संघात! कोणत्या लढतीला कोणाला बसवायचे हे ठरवताना केवळ नावाकडे पाहून चालत नाही. थकलेला कोण, जोमात कोण, समोर कोण, हे सारे पाहावे लागते.

नाणे उडवून पाहा

“काल दहापैकी सात सामने जिंकलो. मी सुधारलो!” थांबा. एक नाणे दहा वेळा उडवा. सात किंवा अधिक वेळा छाप पडण्याचे प्रकार १,०२४ पैकी १७६ आहेत. म्हणजे साधारण सहांतून एकदा हे आपोआपच घडते. नाण्याने काही सराव केलेला नसतो! पाच-पाच जणांच्या खेळात तर निकाल दहा जणांवर अवलंबून असतो आणि तुम्ही त्यांतले एक. म्हणून दहा सामन्यांच्या जयाने फुगू नका आणि पराभवाने खचू नका.

बुद्धिबळातील गुणांकनाची पद्धत आर्पाड एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने बसवली. १९७० साली जागतिक संघटनेने ती स्वीकारली. तिच्यानुसार तुम्ही प्रतिस्पर्ध्यापेक्षा २०० गुणांनी वरचढ असाल तरी १०० डावांत सुमारे ७६ गुणांचीच अपेक्षा धरायची. तेव्हा जय मोजण्यापेक्षा जे केवळ तुमच्याच हाती आहे ते मोजा : नकाशा किती वेळा पाहिला, एकच चूक किती वेळा केली.

झोप आणि सीमा

शिकलेले पक्के होते ते बरेचसे झोपेत. रात्री दोनपर्यंत जागून केलेला सराव म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी भरणे. एकदम चार तासांपेक्षा चार दिवस एकेक तास बरा. मधल्या खंडाने आठवण पक्की होते, हे एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ सालीच दाखवले. दर वीस मिनिटांनी दूरवर पाहा, उठून चार पावले चाला. खेळापायी अभ्यास, जेवण, मित्र सुटू लागले आणि इच्छा असूनही थांबता येईना, तर लपवू नका. घरी किंवा शिक्षकांना सांगा. जागतिक आरोग्य संघटनेने अशा अवस्थेचा समावेश आजारांच्या यादीत केला आहे. पैसे लावून खेळायच्या खेळांपासून तर दूरच राहा. २०२५ च्या कायद्याने भारतात त्यांना बंदी केली आहे.

शिक्षकांना एक सूचना : फूटपट्टीचा प्रयोग वर्गात सर्वांकडून करून घ्यावा आणि फळ्यावर आलेख काढावा. गतीचे समीकरण, सरासरी आणि शरीरशास्त्र असे तिन्ही धडे एका तासात होतात.

त्या दिवशी संपर्क तुटला तेव्हा चौदा वर्षांच्या दिव्याच्या हाती काहीच उरले नव्हते. तिने पुढे काय केले? ती खेळत राहिली. २०२४ साली बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये, या वेळी खऱ्या पटावर, भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्णपदके मिळवली. एका संघात विदित होता, दुसऱ्यात दिव्या. आणि २०२५ साली दिव्याने महिलांचा विश्वचषक जिंकला.

तर मित्रांनो, आज एक वही घ्या. तारीख, एकच उद्दिष्ट, फूटपट्टीची सरासरी आणि झोपेचे तास असे चार रकाने आखा. महिनाभर प्रामाणिकपणे भरा. मग तुमचा खेळ कशाने सुधारतो, हे तुम्हाला दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.