वृद्ध पैदाशीच्या घोड्यातील बीजक्षय : वैद्यांनी व औषधी-विक्रेत्यांनी काय जाणावे?

अष्टांग आयुर्वेदातील 'वाजीकरण' या अंगाच्या नावातच घोड्याचे सामर्थ्य गृहीत धरलेले आहे. परंतु हा वाजीदेखील जरेपासून मुक्त नाही. वयाची पंधरा-अठरा वर्षे उलटली की अनेक पैदाशीच्या घोड्यांचे बीज क्षीण होऊ लागते. घोडी वेळेवर माजावर येते, घोडा पूर्वीच्याच उमेदीने संयोग करतो, आणि तरीही घोडी गाभण राहत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे नेणारे पशुपालक असोत वा पुणे परिसरातील अश्वपैदास केंद्रे असोत, हा प्रश्न कोणालाच चुकत नाही. अशा वेळी 'घोड्यासाठी काही वाजीकर द्या' अशी मागणी वैद्याकडे किंवा औषधी दुकानात आली, तर तिला उत्तर काय द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कामेच्छा व बीज यांतील भेद

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात क्लैब्याचे चार प्रकार सांगितले आहेत : बीजोपघातज, ध्वजभंगज, जराज व शुक्रक्षयज. बीजाचा दोष व संयोगाची असमर्थता या दोन गोष्टी आचार्यांनी वेगळ्या मानल्या. घोड्याच्या बाबतीत नेमका हाच भेद विसरला जातो.

वृद्ध घोड्यात वृषणाची झीज होते. वृषण आकाराने लहान व स्पर्शास मऊ होतात, पुढे त्यांत काठिण्यही येते. रेतातील शुक्राणूंची संख्या घटते आणि विकृत शुक्राणूंचे प्रमाण वाढते. पुरुषत्वाचे अंतःस्राव मात्र बराच काळ टिकून राहतात, म्हणून घोड्याची कामेच्छा पूर्ववत दिसते. सारांश, ज्या घोड्याला इच्छेची उणीव नाही, त्याला इच्छावर्धक औषध देऊन लाभ होत नाही. उलट मूळ व्याधी झाकली जाते व हंगाम वाया जातो.

या झिजेवर आजच्या विज्ञानाकडेही खात्रीचा उपाय नाही. अमेरिकेतील केंटकी राज्यातील 'स्टॉर्म कॅट' हा १९८३ साली जन्मलेला थरोब्रेड घोडा याचे बोलके उदाहरण होय. भरभराटीच्या काळात त्याच्या एका संयोगाचे शुल्क ५ लाख डॉलर होते. प्रजननक्षमता घटल्यामुळे २००८ मध्ये त्याला निवृत्त करावे लागले. २०१३ मध्ये तो मरण पावला. इतके मोल असलेल्या घोड्याच्या बाबतीतही गेलेली क्षमता परत आणता आली नाही. म्हणून उरलेली क्षमता जपून वापरणे हेच वृद्ध घोड्याच्या व्यवस्थापनाचे मर्म आहे.

प्रथम परीक्षण

औषधापूर्वी निदान हा आपला नियम येथेही पाळावा. पशुवैद्याकडून वृषणांचे मोजमाप व रेतपरीक्षण करून घेण्यास पशुपालकास सांगावे. प्रचलित पद्धतीत तासाभराच्या अंतराने दोनदा रेत घेतात. दुसऱ्या रेतात किमान १०० कोटी गतिमान व सुरूप शुक्राणू असल्यास घोडा समाधानकारक समजतात. वृषणकोशाची एकूण रुंदी ८ सेंटिमीटरहून कमी असणे हे चिंतेचे लक्षण होय. ही मोजमापे दरवर्षी हंगामापूर्वी लिहून ठेवली, तर उतार वेळीच ध्यानात येतो.

सर्वच दोष जराजन्य नसतात. दीर्घ विश्रांतीनंतर काही घोड्यांच्या शुक्रवाहिनीच्या अखेरच्या भागात जुने शुक्राणू साचतात व पहिले रेत निकृष्ट येते. वारंवार रेत काढल्यावर ते सुधारते. ज्वर किंवा वृषणकोशाची सूज यांमुळेही तात्पुरती हानी होते. घोड्यात शुक्राणू तयार होण्यास सुमारे ५७ दिवस लागतात व पुढील प्रवासास आणखी आठवडाभर लागतो. त्यामुळे कोणत्याही उपचाराचे फळ दोन महिन्यांपूर्वी दिसत नाही. आठ दिवसांत गुण देण्याचा दावा करणाऱ्या औषधाची परीक्षा या एका कसोटीवर करता येते.

व्यवस्थापन

हंगामातील घोड्यांची संख्या घटवावी असे नव्हे, तर एका घोड्याकडे येणाऱ्या घोड्यांची, म्हणजे माद्यांची, संख्या कमी करावी व संयोगांत पुरेसे अंतर ठेवावे. घोडीच्या अंडमोचनाचा काळ सोनोग्राफीने निश्चित करून त्याच्या अगदी निकट एकच संयोग घडवावा. शक्यतो तरुण व निरोगी गर्भाशयाच्या घोड्या निवडाव्यात.

थरोब्रेड जातीत केवळ नैसर्गिक संयोगाचीच शिंगरे नोंदली जातात. मारवाडी, काठियावाडी यांसारख्या जातींत मात्र कृत्रिम रेतनाचा मार्ग मोकळा आहे. ताज्या रेताची नेहमीची मात्रा सुमारे ५० कोटी गतिमान शुक्राणूंची असते. गर्भाशयशृंगाच्या टोकाशी रेत सोडल्यास त्याहून कमी मात्राही पुरते. हिसार येथील राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राने देशी जातींच्या रेत-गोठवणीवर काम केले आहे. उत्तम घोड्याचे रेत तो ऐन उमेदीत असतानाच गोठवून ठेवणे, हा जरेवरचा सर्वांत शहाणपणाचा उपाय होय.

संयोगास टाळाटाळ करणाऱ्या घोड्याचे गुडघे, पाठ व खूर तपासावेत. पुष्कळदा तेथे संधिवेदना असते, क्लैब्य नसते. घोडी किंचित खालच्या पातळीवर उभी केली, जमीन घसरडी नसली व वेदनेवर उपचार झाले, की अडचण दूर होते. वृद्ध घोड्याचे दात तपासून भिजवलेला, सुपाच्य आहार द्यावा, स्थूलता टाळावी. रोजचे फिरणे व उन्हाळ्यात थंड, हवेशीर पागा आवश्यक आहे, कारण वृषणांचे तापमान शरीराहून काही अंश कमी राहणे बीजनिर्मितीस गरजेचे असते.

औषधांविषयी दक्षता

टेस्टोस्टेरॉन वा तत्सम स्टेरॉइडची इंजेक्शने 'ताकदीसाठी' मागितली जातात. बाहेरून दिलेल्या या द्रव्यामुळे मेंदूकडून वृषणांना मिळणारी चेतना मंदावते व शुक्राणुनिर्मिती आणखी घटते. घोडा जोमदार दिसतो आणि बीज मात्र नष्ट होते.

आपल्या औषधांबाबतही तितकेच सावध असावे. कुचला, वत्सनाभ, अहिफेन किंवा धत्तूर असलेले कल्प घोड्यास देऊ नयेत. मानवी मात्रेला घोड्याच्या वजनाने गुणून मात्रा ठरवणे अशास्त्रीय आहे, कारण त्याचे पचन मुख्यतः मोठ्या आतड्यातील किण्वनावर चालते. 'वनस्पतिजन्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही कामोत्तेजक उत्पादनांत सिल्डेनाफिलची भेसळ अनेक देशांच्या औषध-नियंत्रकांना आढळली आहे. विक्रेत्यांनी अशा निनावी मालापासून दूर राहावे. अश्वगंधा, शतावरी यांसारखी द्रव्ये बल्य म्हणून सुचवायची झाल्यास ती पशुवैद्याच्या संमतीने द्यावीत. त्यांनी झिजलेले वृषण पूर्ववत होतील, असे आश्वासन मात्र देऊ नये.

शालिहोत्रापासून जयदत्ताच्या 'अश्ववैद्यका'पर्यंत अश्वचिकित्सेची मोठी परंपरा आपल्या देशाला लाभली आहे. तिचा मान औषध खपवण्याने वाढत नाही. समोरच्या पशुपालकास 'आधी रेत तपासून घ्या, मग माझ्याकडे या' असे सांगणाऱ्या वैद्यावर व विक्रेत्यावर त्याचा विश्वास कायमचा बसेल, आणि एका उत्तम घोड्याची उरलेली वर्षे सार्थकी लागतील.