वाहणाऱ्या लाव्हाची राख कशी होते? पळसदरीच्या घाटातला लाल पट्टा

आजचा विषय राखेचा आहे, पण सुरुवात काळ्या दगडापासून करू.

पळसदरीला रेल्वेची वाट फुटते. एक खोपोलीला जाते, दुसरी बोरघाट चढून लोणावळ्याला. हा घाट १८६३ मध्ये रेल्वेसाठी खुला झाला. त्यासाठी जो कातळ फोडला तो बेसाल्ट, म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. सह्याद्रीत अशा थरांवर थर आहेत. पण दोन काळ्या थरांच्या मध्ये कुठे कुठे विटेसारखा तांबडा पट्टा दिसतो. भूशास्त्रज्ञ त्याला 'रेड बोल' म्हणतात. यातले बरेच पट्टे म्हणजे लाव्हाचा माथा झिजून झालेली माती. काहींमध्ये मात्र ज्वालामुखीची राख मिसळलेली आहे.

आता ही राख चुलीतली नव्हे बरं का. इथे काहीच जळलेलं नसतं. ही काचेची आणि दगडाची पूड. कण २ मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर राख, २ ते ६४ मिलिमीटर असेल तर लॅपिली, त्याहून मोठा तो बॉम्ब.

मग दगडाची पूड करतं कोण? पहिला कारागीर वायू. खोल जमिनीत दाबाखाली शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड विरघळलेले असतात. रस वर आला, दाब उतरला, की सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे येतात. बेसाल्टचा रस ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला बऱ्यापैकी पातळ असतो, त्यामुळे बरेचसे बुडबुडे सुटून जातात आणि उरलेला रस वाहू लागतो. वायूचा जोर जास्त असेल तर लाव्हाचं कारंजं उडतं. त्यात रसाच्या चिंध्या होतात, थेंब आणि केसासारख्या तारा निघतात.

पण खरी बारीक राख व्हायला रस तुटावा लागतो. गुळाचा पाक आठवा. गरम पाक हळू ओढला तर तार निघते, गार झाला की टचकन मोडतो. रस वर येताना त्यात झपाट्याने बारीक स्फटिक वाढले तर तो घट्ट होतो, वायू आत अडकतो, आणि ताण इतक्या वेगाने वाढतो की रसाला वाहायला सवड मिळत नाही. तो काचेसारखा फुटतो. न्यूझीलंडच्या तारावेरा ज्वालामुखीने १८८६ मध्ये बेसाल्टचाच असा भीषण स्फोट केला.

दुसरा कारागीर पाणी. पाण्याची वाफ झाली की साध्या हवेच्या दाबाला ते सुमारे १७०० पट जागा मागतं. तापलेला रस आणि पाणी एकमेकांत घुसले की स्फोट होतो, रस एका क्षणात थिजून तडकतो. २०११ मध्ये आइसलंडच्या ग्रिम्सव्होत्न ज्वालामुखीने हिमनदीखालून अशीच बेसाल्टची राख उधळली. कणाचा आकारही बरंच सांगतो: वायूने फोडलेल्या कणांवर बुडबुड्यांच्या गोलाईच्या कडा दिसतात, पाण्याने तडकवलेले कण बहुधा ठोकळ्यासारखे.

मग आपल्या घाटात हे आकार का दिसत नाहीत? कारण बेसाल्टची काच लवकर कुजते, तिची चिकणमाती होते. आकार गेला, पण काही टिकाऊ स्फटिक उरतात. झिरकॉन त्यातला एक. तो बेसाल्टमध्ये सहसा सापडत नाही. सिलिका जास्त असलेल्या शिलारसात मात्र तो तयार होतो. म्हणजे तांबड्या पट्ट्यात झिरकॉन मिळाला तर दुसऱ्या जातीच्या ज्वालामुखीची राख वरून येऊन पडली, असा अर्थ निघतो.

आणि झिरकॉनमध्ये युरेनियम असतं. त्याचं शिसं होत जातं, म्हणून वय काढता येतं. २०१९ मध्ये दोन गटांनी दख्खनच्या उद्रेकांची वयं एकाच वेळी प्रसिद्ध केली. एकाने अशा पट्ट्यांतले झिरकॉन वापरले, दुसऱ्याने लाव्हातला आर्गॉन. लाव्हाचा मोठा लोंढा डायनोसॉर संपण्याआधी आला की नंतर, यावर दोघांचं जुळलं नाही. वाद अजून चालू आहे, आणि त्याचा पुरावा आपल्याच डोंगरात आहे.

श्रोत्यांतून प्रश्न आला, "लाल पट्टा दिसला की राख समजायची का?" नाही. राख की माती, हे रंगावरून ठरत नाही. खालच्या दगडाशी रसायन जुळलं तर बहुधा ती तिथलीच माती. जुळलं नाही तर बाहेरून काहीतरी पडलंय, आणि तिथून शोध सुरू होतो. पट्टा बघायला जरूर जा, पण रुळांवर नको, आणि पावसाळ्यात दरडीखाली तर मुळीच नको.