दारे धरायच्या बॅटरीला चार्जर कोणता?

शेतीपंपाची वीज पुष्कळ गावांत अजूनही आठवड्यातले काही दिवस रात्रीच्या पाळीला येते. मग बारा-एकला उठायचे, एका हातात खोरे आणि दुसऱ्या हातात बॅटरी घेऊन उसात नाही तर गव्हात दारे धरायला निघायचे. बांधावर पाय कुठे टाकायचा, हे त्या बॅटरीच्या उजेडावर ठरते. फुरसे मातीच्या रंगात मिसळून पडलेले असते. घोणस माणसाची चाहूल लागली तरी वाट सोडतेच असे नाही. जुन्नर-आंबेगावकडच्या उसात तर बिबट्याचीही भर पडली आहे. अशा वेळी अर्ध्या वाफ्यात बॅटरी मिणमिणू लागली, की आपण सेलला दोष देतो, दुकानदाराला दोष देतो. ज्याने तो सेल भरला त्या चार्जरकडे मात्र कोणी बघत नाही. आणि पुष्कळदा दोष तिथेच असतो.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. मसाल्याचे दोन-तीन सेल घातले, संपले की फेकले. पुढे भिंतीच्या प्लगात थेट खोचायच्या बॅटऱ्या आल्या. त्यांच्या पोटात मोटारसायकलच्या बॅटरीसारखीच शिसे-आम्लाची, पण चिमुकली, ४ व्होल्टची बॅटरी असे. आता घरोघर दिसतात त्या लिथियम-आयन सेलच्या. हा सेल जपानच्या सोनी कंपनीने १९९१ साली प्रथम बाजारात आणला. त्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बॅटरीत जो सर्रास सापडतो त्याच्यावर १८६५० असा आकडा असतो. आकडा गूढ वाटतो, पण अर्थ सरळ आहे : १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचे शून्य म्हणजे आकार गोल. २१७०० हा त्याचाच थोरला भाऊ.

या सेलचा स्वभाव समजून घेतला, की चार्जर निवडणे अवघड नाही. त्याच्यावर ३.७ व्होल्ट लिहिलेले असते, ती सरासरी झाली. पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, आणि रिकामा होत ३ व्होल्टच्या खाली आला की थांबायला हवे. ४.२ ही त्याची काठोकाठ पातळी आहे. चांगला चार्जर आधी ठरावीक करंटाने सेल भरत नेतो. दाब ४.२ वर पोचला की तो दाब तिथेच धरून करंट हळूहळू कमी करतो, आणि शेवटी पुरवठा बंद करतो. हौद भरत आला की आपण व्हॉल्व्ह आवळतो ना, तसे. मात्र हौद ओसंडला तर पाणी नुसते वाया जाते. हा सेल ओसंडला तर तापतो, फुगतो आणि पेटूही शकतो.

आता शेतकऱ्याच्या घरात चार्जर किती असतात ते मोजा. मोबाइलचा एक, फवारणी पंपाचा एक, जुन्या बॅटरीचा एक, कुंपणाच्या झटका मशीनचा एक. सगळे एकाच खुंटीला लोंबत असतात आणि बऱ्याच जणांची गोल पिन सारखीच असते. "पिन बसली म्हणजे झालं, भाऊ, कोणताही चालतो," असे सांगणारा दुकानदारही भेटतो. त्याचे मुळीच ऐकू नका. फवारणी पंपात १२ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी असेल, तर तिचा चार्जर १४ व्होल्टच्या आसपास दाब देतो. जुन्या ४ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जरही ४.८ व्होल्टपर्यंत सहज चढतो. तेवढा दाब लिथियम सेलला थेट मिळाला तर तो सोसणार नाही. घरातल्या प्रत्येक चार्जरला रंगीत चिंधी बांधा आणि त्याच रंगाची चिंधी त्या त्या वस्तूला बांधा. हा उपाय फुकटचा आहे, आणि वाचता न येणाऱ्या आजीलाही तो कळतो.

ज्या बॅटरीला मोबाइलच्या वायरीचे भोक आहे, तिचा खरा चार्जर तिच्या पोटातच असतो. मोबाइलचा चार्जर फक्त ५ व्होल्टचा पुरवठा करतो. अशा बॅटरीला मोबाइलचा साधा, चांगल्या कंपनीचा चार्जर लावायला हरकत नाही. पण आमचे मत विचाराल, तर ज्यातून सेल बाहेर काढता येतो अशी बॅटरी घ्यावी आणि सेल भरायला दोन खणांचा वेगळा चार्जर घ्यावा. एक सेल दाऱ्यावर, दुसरा घरी चार्जरवर, म्हणजे वीज गेली तरी अडत नाही. हा चार्जर ५ व्होल्टवर चालणारा बघावा. मग तो मोबाइलच्या चार्जरवर, पॉवर बँकेवर किंवा ५ व्होल्टचे भोक असलेल्या सौर दिव्याच्या पेटीवरही चालतो. मात्र सौर पॅनेल उन्हात ठेवा, सेल नाही. भर उन्हात तापलेला सेल भरू नये. ४५ अंशांच्या वर तर नाहीच.

चार्जर हातात घेतला की पाठीवरची बारीक अक्षरे वाचा, किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. आउटपुट ४.२ व्होल्ट लिहिलेले हवे. प्रत्येक खणाला स्वतंत्र दिवा हवा, म्हणजे एक सेल अर्धा भरलेला आणि दुसरा रिकामा असला तरी प्रत्येकाला आपापल्या गरजेप्रमाणे मिळते. लोखंडाच्या क्षारावर बनलेला लिथियमचा दुसरा एक प्रकार असतो. त्याच्यावर ३.२ व्होल्ट लिहिलेले असते आणि तो ३.६५ वर भरतो. त्याला ४.२ च्या खणात घालू नये.

करंट किती असावा? सेलवर जेवढे मिलिअँपिअर-तास लिहिले असतील त्याच्या निम्मा धरला की सेलला त्रास होत नाही. २००० चा सेल असेल तर १ अँपिअर ठीक. २६०० चा रिकामा सेल १ अँपिअरवर साधारण तीन ते साडेतीन तासांत भरतो, अर्ध्या अँपिअरवर सहाएक तास घेतो. घाई नसेल तर अर्धा अँपिअर बरा. कपाळाला बांधायच्या काही लहान दिव्यांत ७००-८०० चे सेल असतात, त्यांना ०.३ ते ०.४ च्या वर नको.

हे गणित आणखी एका कामाला येते. आठवडी बाजारात ९८०० लिहिलेले रंगीत सेल मिळतात. १८६५० आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये ३५०० च्या आसपास मावते, त्यामुळे ९८०० हा आकडा शुद्ध थाप आहे. १ अँपिअरचा चार्जर लावून रिकामा सेल पाऊण तासात हिरवा दिवा दाखवू लागला, तर त्यात ७००-८०० च्या वर काही नाही हे समजावे. वाण्याच्या बारीक काट्यावर तोलून बघा. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. पुष्कळ नकली सेल त्याहून बरेच हलके निघतात.

चार्जर खरोखर थांबतो की नाही, हे तपासणे सोपे आहे. गावातल्या मोटार भरणाऱ्या कारागिराकडे मीटर असतो. हिरवा दिवा लागल्यावर सेल काढून मापायला सांगा. ४.१५ ते ४.२ आले तर उत्तम. ४.२५ च्या वर गेले तर तो चार्जर कितीही स्वस्त पडलेला असो, परत करा. मीटर नसेल तर हाताची परीक्षा आहेच : भरताना सेल कोमट होणे चालते, पण मुठीत धरवत नाही इतका तापला की स्विच बंद. सेलवर आणि भिंतीत खोचायच्या चार्जरवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. मोबाइलवरच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक घालून खरे-खोटे बघता येते.

सेल भरायचा कुठे, यावर आमचा फार कटाक्ष आहे. आपल्या घरात कापूस रचलेला असतो, कडबा असतो, गोणपाट असते, गोधड्या असतात. चार्जर त्यांच्यापासून दूर, कोब्यावर, शहाबादी फरशीवर किंवा स्टीलच्या ताटलीत ठेवा. उशाशी नको, देव्हाऱ्यात दिव्याजवळ नको, गोठ्यात तर नकोच. रात्री लावून झोपण्यापेक्षा घरात कोणी जागे असताना भरावा. सेल फुसफुसू लागला किंवा धूर आला, तर हाताने उचलू नका. आधी मुख्य स्विच बंद करा, मुलाबाळांना बाहेर काढा, धूर नाकात जाऊ देऊ नका. वीज बंद झाल्याची खात्री करून दुरून भरपूर पाणी ओता. ज्वाळा विझल्या तरी ओतत राहा, कारण सेल आतून पुन्हा तापून पेट घेऊ शकतो.

सेल पूर्ण संपवूनच भरावा, असा एक समज आहे. तो दुसऱ्या जातीच्या जुन्या सेलांवरून आला. लिथियमला तशी गरज नाही, उलट निम्म्यावर आला की भरलेला त्याला मानवतो. उजेड पिवळट किंवा मंद झाला की काढा. बॅटरीत विसरून महिनोन्महिने पडलेला आणि २ व्होल्टच्याही खाली गेलेला सेल पुन्हा जिवंत करायच्या भानगडीत पडू नका. त्याच्या आत तांबे विरघळून आडवाटा तयार होतात, आणि तोच पुढे चार्जरवर पेटतो. पावसाळाभर बॅटरी लागणार नसेल, तर सेल निम्मा भरून, बाहेर काढून, कोरड्या थंड जागी ठेवावा. किल्ल्या-चिल्लरीबरोबर खिशात टाकू नये. ज्या बॅटरीत दोन सेल एकामागे एक बसतात, तिच्यात एक जुना आणि एक नवा अशी जोडी लावू नका, आणि वरचे कातडे फाटलेला सेल वापरू नका.

निकामी झालेले सेल चुलीत, उकिरड्यात किंवा शेणखताच्या खड्ड्यात जाऊ नयेत. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून पत्र्याच्या डब्यात साठवा आणि तालुक्याला गेलात की इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडे द्या.